गुलाबराव आचाऱ्याची उन्हाळी

माझा डावा गुडघा दुखतो आणि माझ्या रक्तात चरबी जास्त आहे. या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या की गोळ्यांचं काय करायचं, हे मी परतवाड्याच्या आमच्या मेडिकलच्या काउंटरमागून अर्ध्या तालुक्याला समजावून सांगितलं. आता ते मला माझी नात समजावते. ती अकोल्यात कॉलेजात आहे, विषय कॉमर्स; सुट्टीत घरी आली की सुरू. "आजी, कोलेस्टेरॉलची घेतली का? आणि दुखण्याची कोणती घेतलीस? पदराखाली काय लपवलंय?" पदराखाली बहुतेक वेळा चिक्की असते. पण तिने विचारावं म्हणून मी ती लपवते. ज्या घरात विचारणारं कोणी असतं, त्या घरात औषधं फारशी गोंधळ घालत नाहीत. हे वाक्य माझंच आहे, आणि ते मला सुचायला दुकानात बरीच वर्षं घालवावी लागली.

अमरावतीहून डी. फार्म. होऊन मी लग्नानंतर परतवाड्याला आले, तेव्हा मला असं वाक्य सुचणं शक्यच नव्हतं. मला औषधांची नावं यायची. लांबलचक, इंग्रजी, एका दमात. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करायचं आणि मी म्हणायची, "अॅटोरव्हास्टॅटिन!" आणि थांबायची. टाळ्या पडतील अशा थाटात थांबायची. मेळघाटातून जीपमध्ये दाटीवाटीने उभा राहून आलेला माणूस माझ्याकडे बघत राहायचा, मग माझ्या नवऱ्याकडे वळून विचारायचा, "भाऊ, औषद हाय का नाई, थे सांगा ना." शिवाय मी पांढरा कोट शिवून घेतला होता. वैशाखात! परतवाड्याच्या वैशाखात कुत्रं सावली सोडत नाही आणि ही बया कोट घालून उभी. लोक मला नर्स समजून काउंटरवर पाय ठेवून गळू दाखवायचे. तिसऱ्या गळवानंतर कोट गेला. नावं म्हणून दाखवायची हौस मात्र राहिली.

आमच्याकडे औषधाला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नसे. रंग, आकार आणि काम, एवढ्यावर व्यवहार. "पांढरी लांबट द्या, मधात रेघ असलेली." अंगदुखीची ती दुखीची गोयी, कोलेस्टेरॉलची ती चरबीची गोयी. दुखीच्या गोळीला मान फार. घेतली, चहा प्यायला, घटकाभरात कंबर सरळ. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत बाया ती शेंगदाण्यासारखी कनवटीला बांधून वावरात न्यायच्या. चरबीच्या गोळीचं नशीब उलटं. ती घेऊन आजवर कोणालाही बरं वाटलेलं नाही. ती घेतल्यावर जे होत नाही, तेच तिचं काम. हृदयाच्या नळ्यांत गाळ साचत नाही, झटका येत नाही. न झालेल्या गोष्टीसाठी रोज एक गोळी, तीही जन्मभर, आणि साल तर असं की कापसाच्या पऱ्हाट्या उपटून टाकाव्यात. कोणाला पटवणार? "जलमभर? काहून? मी काय मरून राह्यलो का?" असं विचारणाऱ्याला माझ्याकडे तेव्हा एकच उत्तर होतं: तेच इंग्रजी नाव, पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.

मोर्शीकडचे एक बागाईतदार होते. ते एकदा मुद्दाम परतवाड्याला येऊन माझ्याशी भांडून गेले. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की चरबीची गोळी चालू असताना संत्री चालत नाहीत. "माह्या बगिच्यातले संत्रे, अन् मलेच मनाई? गोयी बंद करतो मी, झाडं तोडत नाई!" मी त्यांना म्हटलं, काका, झाडं पण ठेवा आणि गोळी पण ठेवा. चालत नाही ते ग्रेपफ्रूट नावाचं एक कडवट परदेशी फळ. ते आपल्या पपनसाच्या भावकीतलं. ते यातल्या काही गोळ्या अंगात जास्त साचवतं. आपलं संत्रं त्यात नाही. ते म्हणाले, "मंग आधी सांगाव ना व, बाई." जणू मीच अफवा उठवली होती. पुढच्या हंगामात डालीभर संत्री आली. सालं काढताना मी नवऱ्याला म्हटलं, फार्मसीच्या डिप्लोमाची ही पहिली खरी कमाई.

हे हसण्यावारी नेण्यासारखं. गुलाबरावांचं तसं नव्हतं.

गुलाबराव आचारी म्हणजे आमच्या भागातले रोडग्यांचे बादशहा. बाहेरच्यांसाठी सांगते: कणकेचे थराथरांचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवून खायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. नवस फेडायला, पंगतीला, कशालाही रोडगे. गुलाबराव उघड्या अंगाने आरापाशी उभे राहिले की पोरंसोरं लांबून बघायची. पन्नाशीत त्यांच्या छातीत दुखलं, अमरावतीला नेऊन हृदयात जाळी बसवली, आणि गोळ्या सुरू झाल्या. रक्त पातळ करायची, दाबाची आणि ही चरबीची. नेमाने न्यायचे. मला वाटायचं, काय शहाणं गिऱ्हाईक! त्यांच्या मनातला हिशोब मला ठाऊक नव्हता.

ती वर्षं सामुदायिक लग्नांची होती. कापसाने असा दगा दिला होता की एकट्याने मांडव घालायची कोणाची हिंमत नव्हती. गावाबाहेरच्या मैदानात एकच मांडव, एकाच वेळी कितीतरी जोडपी, एकच स्वयंपाक. त्या उन्हाळ्यात गुलाबरावांना एका पाठोपाठ एक अशी लग्नं मिळाली, आणि शेवटच्या मांडवात त्यांची धाकटी वंदना उभी राहणार होती. त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "माह्या पोरीच्या लग्नात दुसऱ्याचा झारा कढईत जानार नाई."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांची बायको शेवंताबाई दुकानात आली. पदराने घाम पुसत म्हणाली, "बाई, थे गुलाबी औषद दे, उन्हाळीचं. अन् दुखीच्या गोया दे, ज्यादा दे."

उन्हाळी म्हणजे आमच्याकडे घरोघरचा आजार. उन्हात फिरलं, पाणी कमी पडलं की लघवीला जळजळ होते, रंग गडद होतो. त्यावर धण्याचं पाणी, सब्जा, नाहीतर ते गुलाबी औषध. त्या उन्हाळ्यात मी त्या औषधाच्या खोक्यांवर बसून जेवत होते, इतकं ते खपत होतं. हात आपोआप बाटलीकडे गेला.

"कोणाला लागली उन्हाळी?"

"आमच्याच ह्यायले. आरापाशी उभं राह्यचं अन् पानी प्याचं नाई. पानी पेलो तं घाम येते म्हने! लगवी कशी व्हय, सांगाले लाज वाटते, कायी चाय रायते ना, बिगर दुधाची, तशी."

"जळजळ होते?"

"जयजय नाई म्हनत. मांड्या दुखते म्हनत. दोन्ही. उठाले गेलं तं उठनं होत नाई. काल घमेलं उचलाले मले बलावलं. मले! जलमात कधी बलावलं नाई."

बाटली माझ्या हातातच राहिली. उन्हाळी आहे आणि जळजळ नाही. दोन्ही मांड्या दुखतात आणि आचाऱ्याला घमेलं उचलत नाही. चरबीच्या गोळीच्या पाकिटातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर याच तीन गोष्टी एका ओळीत असतात: स्नायूंचं दुखणं, अशक्तपणा, काळपट लघवी. तो कागद मी परीक्षेसाठी पाठ केला होता आणि गिऱ्हाइकांना पुड्या बांधायला वापरत होते.

मी शेवंताबाईला ना गुलाबी औषध दिलं, ना दुखीच्या गोळ्या. नवऱ्याला दुकान बघायला सांगितलं आणि तिच्याबरोबर मैदानाकडे निघाले.

गुलाबराव पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसले होते. समोर गोवऱ्या रचलेल्या, मजूर वांगी चिरत होते. मला पाहून म्हणाले, "काहून बाई, गोया घरपोच द्याले आली का?"

मी विचारलं, "गुलाबराव, चरबीची गोळी रोज किती घेता?"

"रोजची एक."

"एकच?"

"एकच. अन् पंगतीच्या दिवशी दोन. रोडगे असले तं तीन." ते अभिमानाने म्हणाले. "तूप जास्त, तं गोयी जास्त. इचार कराव ना मानसानं."

हा तो हिशोब. भाजीत तिखट जास्त झालं तर गूळ वाढवायचा, तसं. आचाऱ्याच्या हाताला अगदी बरोबर वाटणारा. आणि त्या उन्हाळ्यात रोजच पंगत होती, रोजच तूप होतं.

"आणि दुखीची?"

"मांड्या दुखतेत मून सकायी घेतो. मंग दुपारी. मंग संध्याकायी. थ्याच्यावरच तं उभा हावो."

मी त्यांना सांगायला लागले. आणि काय सांगू, इतकी घाबरले होते की तोंडातून पुन्हा ते सगळं इंग्रजीच बाहेर पडलं. स्टॅटिन, मायोग्लोबिन, किडनी. मजूर वांगी चिरायचे थांबले. गुलाबरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाव. उद्याचं आटपलं की परवा जाऊ अमरावतीले."

"परवा नाही. आत्ता."

"बाई, उद्या माह्या पोरीचं लगन हाय."

"म्हणूनच आत्ता."

"सैपाक कोन करीन? तू?"

मला पोळ्यासुद्धा गोल येत नसत. तेव्हा मी इंग्रजी सोडलं. म्हटलं, "गुलाबराव, खाली भाजी लागून राहिली आहे. करपल्याचा वास येऊ नये म्हणून तुम्ही वरून कोथिंबीर टाकताय. तुमची दुखीची गोळी ती कोथिंबीर आहे. मांड्या दुखतात हा वास आहे. तो मारू नका, आधी खालचा जाळ काढा."

त्यांनी शेजारचा झारा उचलून हातात धरला. पटलं होतं, पण उठायला तयार नव्हते.

शेवंताबाई पुढे झाली. तिने त्यांच्या हातातला झारा काढून घेतला. "मी करतो सैपाक."

"तू? हजार मानसाचा?"

"तुमच्या मांगं वीस वरीस कनीक कोन मयते? तुमचे रोडगे मून लोक खाते, थे माह्या हातचे व्हयेत. तुमी फक्त आरापाशी उभे राहून मिशाले पीय देता."

मजूर हसले. गुलाबराव हसले नाहीत. त्यांनी मिशीला हात लावला आणि उठायला गेले. तेव्हा सगळ्यांना दिसलं की त्यांना उठता येत नाही. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. वंदना हळदीच्या अंगाने धावत आली. तिला म्हणाले, "काई नाई व, उन्हाळी हाय. सलाईन लावून येतो."

सलीमभाई अमरावतीच्या वाटेवर जीप चालवायचे. त्यांनी भरलेली सवारी उतरवली. कोणी कुरकुरलं, तर म्हणाले, "अरे, बाराती का खाना इसके हाथ का खाया है ना? फिर उतर." मी सोबत गेले. वाटेत गुलाबरावांना पाणी पाजत होते आणि त्यांनी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं मांडीवर सांभाळत होते. हे कोणालाही सांगावंसं वाटतं: दवाखान्यात जाताना कुंकू विसरलं तरी चालेल, पण घरात असतील ती सगळी पाकिटं घेऊन जा. दुखण्याची, सर्दीची, शेजारणीने दिलेलीसुद्धा.

अमरावतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पाकिटं पाहिली आणि चरबीची व दुखीची, दोन्ही ताबडतोब थांबवल्या. मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं: स्नायू फुटून त्यांचा गाळ रक्तात उतरला आहे आणि तो मूत्रपिंडाच्या गाळण्यांत अडकतो आहे. त्यात अंगात पाणी नाही. आणि दुखीच्या गोळीने मूत्रपिंडाकडे जाणारं रक्तही कमी केलं आहे. यात कोणाचा वाटा किती, ते त्यांनाही सांगता येईना. सलाईन लावलं, लघवीची नळी घातली. "आता ही पिशवी आपल्याला सांगेल," ते म्हणाले. "लघवी भरपूर आणि साफ येऊ लागली तर निभावलं. नाहीतर डायलिसिसला न्यावं लागेल, आणि मग मी शब्द देत नाही."

पिशवीत तळाशी थोडासा काळा चहा होता.

इथे जरा थांबून सरळ सांगते, कारण हे वाचणाऱ्या निम्म्या घरांत या दोन्ही गोळ्या एकाच डब्यात असणार. गुलाबरावांचं झालं तसं क्वचित होतं. त्या धास्तीने चरबीची गोळी मनाने सोडू नका. तिने वाचवलेली माणसं कुठे दिसत नाहीत, एवढाच तिचा दोष. पण ती डॉक्टरने सांगितली तेवढीच घ्यायची. तुपावर ठरवायची नाही. एखाद्या दिवशी अंग दुखलं, ताप आला, तर तिच्यासोबत साधी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, पाकिटावर लिहिलेल्या मापात. सर्दीच्या गोळीतही तीच असते, ते बघायचं. दारू पिणाऱ्याने आणि यकृताचा त्रास असणाऱ्याने आधी विचारायचं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांचं चरबीच्या गोळीशी तसं थेट भांडण नाही. त्यांचं भांडण पोटाशी, मूत्रपिंडाशी, रक्तदाबाशी. आणि चरबीची गोळी घेणाऱ्या पुष्कळांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळीही असते, तिच्याशी तर फारच. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून त्या मनाने घ्यायच्या नाहीत. काही अँटिबायोटिक आणि बुरशीची औषधंही चरबीची गोळी अंगात साचवतात, तेव्हा कोणतंही नवं औषध घेताना चालू असलेली सांगायची. आणि चरबीची गोळी चालू असताना कारण नसताना दोन्ही बाजूचे स्नायू दुखू लागले, तर ते दुखणं मारायच्या आधी डॉक्टरला दाखवायचं. सोबत अशक्तपणा किंवा काळपट लघवी असेल, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी. लग्न असलं तरी.

गुलाबरावांना पुढे काही महिन्यांनी, रक्त पुन्हा पुन्हा तपासून, डॉक्टरांनी दुसऱ्या जातीची चरबीची गोळी अगदी कमी मापात सुरू केली. ती ते रोज एकच घेत, रोडगे असोत नसोत. दुखलं तर शेकायचे, फार झालं तर विचारून पॅरासिटामॉल. आराजवळ मात्र पुन्हा उभे राहिले नाहीत. खुर्चीवर बसून हुकूम सोडायचे आणि शेवंताबाई ते न ऐकता स्वयंपाक करायची. त्यांच्या रोडग्यांना लोक पुढे शेवंतामायचे रोडगे म्हणू लागले, हे त्यांना अखेरपर्यंत आवडलं नाही. मीही बदलले. गोळी देताना इंग्रजी नाव सांगण्याऐवजी विचारू लागले, "ही तुम्ही कशी घेता, ते मला सांगा." काय काय ऐकायला मिळालं! उपासाला न घेणारे, बायकोसोबत अर्धी-अर्धी वाटून घेणारे, मटणाच्या दिवसापुरती घेणारे. हळहळ एवढीच वाटते की जे आमच्या काउंटरपर्यंत आलेच नाहीत, किराणा दुकानातून चहापत्तीसोबत दुखीच्या गोळ्या नेत राहिले, त्यांना विचारायला कोणीच नव्हतं. त्यांच्यातल्या कितीजणांची उन्हाळी खरोखर उन्हाळी होती, देव जाणे.

पण हे सगळं नंतरचं. मी सांगत होते त्या वॉर्डाचं.

दुसरा दिवस उजाडला तो असाच गेला. सलाईन चढत होतं, पिशवी हळूहळू भरत होती, रिकामी होत होती. तिकडे परतवाड्याला मंगलाष्टकं झाली असतील, असं गुलाबराव घड्याळाकडे बघून म्हणाले. मग म्हणाले, "आता वरन वाढून राह्यले असन." मी पिशवीकडे बघत होते. काळ्या चहाचा फिका चहा झाला होता, फिक्या चहाचा रंग उसाच्या रसाकडे झुकत होता. मला वाटत होतं, पण माझ्या वाटण्यावर माझा विश्वास नव्हता.

उन्हं कलल्यावर वॉर्डाच्या दारात गलका झाला. नर्स ओरडत होती, "इतकी माणसं आत नाही!" तिला न जुमानता पिवळ्या शालूतली, मुंडावळ्यांसकट वंदना आत आली. मागे नवरदेव, फेटा काखेत धरून. त्याच्यामागे सलीमभाई. सासरी जायच्या आधी जीप इकडे वळवून आणली होती.

वंदना पायाशी वाकली. गुलाबरावांनी आशीर्वाद द्यायला हात उचलला, पण तो तिच्या डोक्यावर न ठेवता त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं.

"थे पाह्य आधी," ते म्हणाले. "डाक्टर आताच पाहून गेले. मशीन नाई लागत म्हने."

नवी नवरी शालू सावरत जमिनीवर बसली. तिने लघवीची पिशवी दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरली. पिशवीतून पलीकडचा उजेड दिसत होता. तिच्या मुंडावळ्या त्या पिशवीवर लोंबत होत्या, काजळ गालांवर उतरलं होतं आणि ती हसत होती. नवरदेव बिचारा कुठे बघावं हे न कळून तिच्या शेजारी वाकला, आणि तोही बघू लागला.